बांडी सायाळ आणि शहाणा कातळ

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. आता, त्या जंगलात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, आणि जनावरांपैकी मला फक्त शेळी आणि आमचे सरपंच ओळखू येतात, ही बाब वेगळी. पण म्हणून गोष्ट खोटी होत नाही. उलट न पाहिलेलं माणूस जास्त खात्रीनं सांगतो.

तर बाळांनो, मांडी घालून बसा. ज्या बाळांचे गुडघे धरलेत त्यांनी खुर्ची ओढून घ्या. ज्या बाळांना मध्येच मोबाइलवर बघून "आजोबा, तिथं तर वेगळंच लिहिलंय" म्हणायची खोड आहे, त्यांनी पुढे येऊन बसा. गोष्ट त्यांचीच आहे.

एका जंगलात एक कातळ होता. काळा, उंच, आणि पाटीसारखा सपाट. त्याला सगळे 'शहाणा कातळ' म्हणत. कारण जंगलात माहीत असावं असं जे जे काही, ते त्यावर लिहिलेलं असे. कुठल्या झाडाची फळं गोड, कुठल्या डोहात भोवरा, कोण चावतं आणि कोण नुसतंच भुंकतं. लिहायला खाली चुनखडीचे खडे पडलेले. पुसायला ओलं शेवाळ. नियम एकच होता. कुणीही लिहावं, कुणीही पुसावं.

आता असं म्हटल्यावर काय होणार? पहिल्याच दिवशी मोरानं लिहिलं, 'मोर हा जगातला सर्वांत देखणा पक्षी आहे.' दुपारी ते लांडोरीनं पुसलं. घरातलं भांडण कातळावर आलं.

म्हणून दुसरा नियम झाला. स्वतःबद्दल स्वतः लिहू नये. लगेच कोल्ह्यानं लांडग्याची स्तुती लिहिली आणि लांडग्यानं कोल्ह्याची. दोघांनी ती आधी एकमेकांना वाचून दाखवली होती. म्हणून तिसरा नियम आला. जे लिहाल त्याला आधार हवा. आधार म्हणजे तुम्ही पाहिलेलं नव्हे. तुम्ही काय, काहीही पाहाल. आधार म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधी कुठंतरी सांगितलेलं. त्यानं तरी पाहिलं होतं का, हे विचारायचं नसतं. तो उद्धटपणा होतो.

आणि सगळ्यांच्या वर चौथा नियम. तटस्थ राहावं.

हे नियम सांभाळायला धवलपंत बगळे होते. पांढरेशुभ्र, बारीक मानेचे, कातळाखालच्या डबक्यात एका पायावर उभे. एकाच पायावर का, असं कुणी विचारलं तर म्हणत, दोन्ही पाय टेकले की कुठल्यातरी एकावर भार जास्त पडतो, आणि मग तो पक्षपात होतो. हे ऐकून सगळे माना डोलवत. डबक्यातले बेडूक तेवढे डोलवत नसत. पंत इतके स्तब्ध का उभे असतात, हे त्यांना घरातली माणसं गमावून कळलेलं होतं. पण तो पडला बेडकांचा स्वतःचा अनुभव. आधारात बसत नाही.

त्याच जंगलात एक सायाळ राहत होती. सायाळ म्हणजे साळिंदर. शहरातल्या बाळांनी डोळ्यांपुढे एक उंदीर आणावा, त्याला कुत्र्याएवढा करावा आणि पाठीवर काळेपांढरे लांब काटे खोचावेत. झाली सायाळ. हिचं नाव बांडी. स्वभावानं भित्री, खाणं कंदमुळांचं, कुणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही.

बांडीला दिवस गेले होते. आणि नेमका तेव्हाच गव्यांचा कळप तिच्या बिळावरून चालत गेला. छप्पर खाली बसलं. तिचा नवरा कंद आणायला गेला होता म्हणून वाचला. कंद आणायला गेला की तो तिकडेच रमतो, म्हणून यापुढे गोष्टीतही दिसणार नाही. अशी माणसं तुमच्या ओळखीत असतील. उगाच शेजारी बघू नका.

जवळच मुरमाची एक टेकडी होती. कोरडी, उबदार, पोरंबाळं वाढवायला झकास. तिथल्या बिळांत ससे होते, घोरपडी होत्या, आणि कारभार मुंगूसअप्पांकडे होता. बांडी त्यांच्याकडे गेली. मावळतीच्या अंगाचं एक बीळ रिकामं आहे असं ऐकलं, पोटुशी आहे, मिळालं तर बरं होईल, म्हणाली.

अप्पांनी तिला बसवलं. पाणी विचारलं. बीळ रिकामं आहे म्हणाले, तुमच्यासारखं सालस बिऱ्हाड आलं तर टेकडीला शोभाच येईल म्हणाले, फक्त एकदा रिवाजाप्रमाणे कातळावर नजर टाकून येतो म्हणाले. गेले. परत आले ते जरा लांबच थांबले.

"बाई, तुमच्याबद्दल लिहिलंय तिथं."

"काय लिहिलंय?"

"सायाळ लांबून काटे फेकून मारते." अप्पांनी घसा साफ केला. "आमच्याकडे लहान पोरं आहेत. माझं वैयक्तिक काही नाही हो. टेकडीचं मत तसं पडतं."

बांडीला आधी हसूच आलं. "अप्पा, काटे कातडीत रुजलेले असतात. फेकायचे कसे? तुम्ही तुमच्या मिशा फेकून दाखवा बघू."

अप्पांनी मिशांवरून पंजा फिरवला. "माझ्या मिशांबद्दल कातळावर काही लिहिलेलं नाही," म्हणाले.

झालं. एका ओळीपायी बीळ गेलं. बांडीच्या पोटात पोरं आणि डोक्यावर आभाळ. तिनं ठरवलं, ती ओळ बदलायची. एका ओळीला असा किती वेळ लागणार? बाळांनो, हसू नका. तीही तुमच्यासारखीच भाबडी होती.

बांडी कातळापाशी गेली, शेवाळ घेतलं, ओळ पुसली आणि लिहिलं, 'सायाळ काटे फेकत नाही.' मग डबक्यावर पाणी प्यायली. मान वर करते तो जुनी ओळ पुन्हा जागेवर. धवलपंतांनी चोचीतला खडा खाली ठेवला आणि अगदी मऊ आवाजात तिला समजावलं. सायाळीनं सायाळीबद्दल लिहिणं शिष्टसंमत नाही. आपला या विषयाशी फार जवळचा संबंध येतो.

"येणारच की," बांडी म्हणाली. "माझे काटे आहेत."

"तीच तर अडचण आहे," पंत म्हणाले.

मग बांडीनं विचारलं, ज्यानं ही ओळ लिहिली त्याला कसला आधार होता? आधार भक्कम निघाला. दंताजीराव नावाचे एक वयस्क रानडुक्कर होते. त्यांनी आपल्या तरुणपणीचे पराक्रम झाडाखाली बसून जंगलाला ऐकवले होते, सात पावसाळे, न थांबता. त्यात एक पराक्रम असा, की एका सायाळीनं त्यांच्यावर लांबून काट्यांचा वर्षाव केला आणि ते डगमगले नाहीत. दंताजीराव मोठं घराणं. सुळे केवढाले. त्यांना खोटं ठरवायला तितकेच मोठे सुळे हवेत, आणि बांडीला तर सुळेच नव्हते.

"मग मी समोर उभी राहते," बांडी म्हणाली. "सगळ्यांसमोर अंग झाडते. बघा काटा उडतो का."

पंतांनी पाय बदलला. ते फार अस्वस्थ झाले म्हणजेच पाय बदलत. ते म्हणाले, हे नवीन संशोधन झालं. कातळावर नवीन काही चालत नाही, आधीच माहीत असलेलंच लागतं. पण तोवर बातमी पसरली होती आणि माकडं झाडांवर जागा धरून बसली होती. बांडी मध्यभागी उभी राहिली. तिनं काटे फुलवले आणि सगळा जोर लावून अंग झाडलं. खळखळ आवाज झाला. काटा उडाला नाही. फक्त एक जुना, सैल झालेला काटा गळून तिच्याच पायाशी पडला.

अशी पळापळ झाली म्हणता. ससे एकमेकांच्या अंगावरून गेले. एका माकडानं शपथेवर सांगितलं की काटा कानाजवळून सूं करत गेला. ते माकड जांभळीच्या शेंड्यावर होतं. मग कातळाखाली चर्चा बसली. काहींचं म्हणणं काटा पडला, काहींचं म्हणणं टाकला. एक कासव म्हणालं, आज फेकला नाही यावरून कधीच फेकत नाही असं कसं म्हणणार? आज मी कुठं पोहलो? चर्चा चांगली रंगली. रोज नवीन जनावरं येत. काटा कुठला, कुणाचा, हे विसरून शेवटी एका जनावरानं दुसऱ्याची कूळकथा काढली, तेव्हा पंतांनी सर्वांना मान्य होईल अशी ओळ घातली. 'एका जाहीर प्रसंगी सायाळीचा काटा सुटल्याचे सांगितले जाते.'

बांडीबद्दलच्या एका ओळीच्या दोन झाल्या होत्या.

कुणीतरी तिला सुचवलं, तूही आधार उभा कर. टिटवीला गाठ. टिटवी रोज सकाळी जंगलभर ओरडत बातम्या सांगायची, आणि टिटवीनं सांगितलेलं आधारात बसायचं. बांडी टिटवीकडे गेली, सगळी हकिकत सांगितली, पोटाकडे बोट दाखवलं. टिटवीचा जीव कळवळला. उद्याच सांगते म्हणाली. बांडी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

सकाळी टिटवी ओरडत निघाली. सायाळ लांबून काटे फेकते, सायाळ लांबून काटे फेकते.

बांडी तिच्यामागे धावली. "अगं, मी हे सांगितलं होतं का तुला?"

"तू सांगितलंस ते तुझं," टिटवी म्हणाली. "मी खात्री केल्याशिवाय चोच उघडत नाही. जाऊन कातळावर बघितलं. तिथं असं लिहिलंय."

आणि उन्हं कलायच्या आत कातळावर त्या ओळीपुढे दुसरा आधार चढला. 'टिटवीनेही यास दुजोरा दिला आहे.' कातळ टिटवीकडे बोट दाखवतो, टिटवी कातळाकडे. मध्ये बांडी. बाळांनो, तुमच्यातल्या काहींना हे ओळखीचं वाटेल. तुम्ही कालच कुठलातरी मजकूर सात जणांना पुढे पाठवलात, आणि संध्याकाळी तोच तुम्हाला आठव्याकडून आला, तेव्हा तुम्हाला खात्री पटली.

आता बांडीला चालवेना. ती शेवटचं म्हणून पंतांपुढे उभी राहिली. म्हणाली, तुम्ही स्वतः तरी सांगा, तुम्हाला काय वाटतं, मी फेकते का? पंतांना ती खरं बोलतेय हे कळत होतं. बगळा काही मूर्ख नसतो. पण कळणं आणि लिहिणं यांत अंतर ठेवावं लागतं, नाहीतर पंत कसले? त्यांनी पुष्कळ विचार केला आणि दोन्ही बाजूंना न्याय देणारा मजकूर लिहिला.

'सायाळ लांबून काटे फेकते असे मानले जाते. सायाळ मात्र हे नाकारते.'

ते वाचून टेकडीवरच्या ससिणी एकमेकींना म्हणाल्या, नाकारते म्हणजे काहीतरी असणारच. नाहीतर आपण कधी काही नाकारलंय का?

बांडीनं नाद सोडला. टेकडीच्या पायथ्याशी करवंदीची एक दाट जाळी होती. त्या जाळीत तिनं नखांनी अर्धवट खड्डा उकरला आणि तिथंच बाळंत झाली. दोन पोरं. जन्मताना सायाळीच्या पोरांचे काटे मऊ असतात, ओल्या गवतासारखे. कुणीही उचलून न्यावं असे. ती त्यांच्याभोवती अंग वळवून बसायची आणि पान हललं तरी दचकायची.

पान हलायचं त्याला कारण होतं. त्या भागात बिबळ्या फिरत होता.

हा बिबळ्या मोठा वाचनवेडा. हसू नका, असतात. शिकारीला निघण्याआधी तो रोज सकाळी कातळावर जायचा आणि काय कुठं चरतं, कोण किती पळतं, सगळं वाचून घ्यायचा. बाकीचे बिबळे वास घेत हिंडायचे, त्यांना तो अडाणी म्हणायचा. सायाळीची ओळही त्यानं वाचली होती. लांबून फेकते. म्हणून करवंदीची जाळी आली की तो पार पलीकडून वळसा घालून जायचा. आणि जाळी टेकडीच्या वाटेवर असल्यामुळे टेकडीलाही आपोआप वळसा पडायचा.

हे आधी सशांच्या लक्षात आलं. मग मुंगूसअप्पांच्या.

अप्पा एक दिवस जाळीपाशी आले. लांबच उभे राहिले, पण तोंड गोड. बाळंतिणीची विचारपूस केली, थोडे कंद पाठवतो म्हणाले, तुम्ही आमच्याच आहात म्हणाले.

"मग ते मावळतीकडचं बीळ?" बांडीनं विचारलं.

"ते काय, तुमचंच आहे," अप्पा म्हणाले. "पण आत कशाला अडकून पडता? इथं वारा किती छान येतो. इथंच बऱ्या तुम्ही. दाराशी."

बांडीला समजलं. टेकडीला शेजारीण नको होती, राखणदार हवी होती. आणि त्याच दिवसापासून टेकडीवरची मंडळी पाळीपाळीनं कातळावर जाऊन ओळीला बळकटी आणू लागली. फेकते म्हणजे काय, फेकतेच. आम्ही शेजारी राहतो, आम्हाला विचारा. घोरपडीनं तर भर घातली की ती अंधारातही नेम चुकत नाही. बांडीनं ते वाचलं. शेवाळ हाताशी होतं. तिनं ते उचललं नाही. पोरांचे काटे अजून मऊ होते, आणि ज्या खोट्यानं तिचं बीळ घेतलं तेच खोटं आता तिच्या पोरांच्या दाराशी बसलं होतं. कडक होऊ देत काटे, म्हणाली, मग बघू खरं-खोटं.

आता गंमत ऐका. इतके दिवस ज्याला एक ओळ बदलायला जमलं नाही, त्या कातळाला नेमकं आताच न्याय करायचं सुचलं.

झालं असं, की बांडीची जुनी तक्रार पंतांच्या मनाला लागून राहिली होती. त्यांनी गुपचूप आधार शोधायला घेतला. आणि सापडला. डोंगरापलीकडच्या जंगलात एका गुहेत वटवाघूळशास्त्री लटकलेले असत. त्यांनी काटेवाल्या प्राण्यांवर मोठं विवेचन केलं होतं. त्यांनी सायाळ कधी पाहिलेली नव्हती. उजेडात ते बाहेरच पडत नसत, आणि अंधारात पडले तरी उलटे. पण पंतांना हेच फार आवडलं. ज्यानं पाहिलंच नाही तो कुणाची बाजू कशी घेणार? शास्त्रीबुवांचं मत स्वच्छ होतं. काटा फेकणं ही गोष्ट देहरचनेत बसत नाही.

पंतांनी दंताजीराव पुसले, टिटवी पुसली, घोरपड पुसली. आणि सुबक अक्षरात लिहिलं, 'सायाळ काटे फेकत नाही. ती निरुपद्रवी आहे.'

मग ते स्वतः उडत जाळीपाशी आले. आपल्या हातून सत्कृत्य झालं की ते सांगायला जायची त्यांना सवय होती.

"बाई, अभिनंदन. सत्याला वेळ लागतो, पण आम्ही पोचलो."

बांडीचा चेहरा उतरला. "आत्ता? पंत, आत्ताच का?"

"तुम्हीच तर मागत होता."

तिनं हात जोडले. म्हणाली, बिबळ्या रोज वाचतो. चार दिवस जुनी ओळ ठेवा, पोरं जरा मोठी होऊ द्या. पंतांनी खेदानं मान हलवली. जाणूनबुजून असत्य लिहायचं? आणि तेही सायाळीच्या सांगण्यावरून, सायाळीबद्दल? मग निदान एवढं तरी जोडा, बांडी म्हणाली, की फेकत नसली तरी काटे धारदार असतात, अंगाला भिडलं तर रुततात. हे तरी खरं आहे ना?

"असेलही," पंत म्हणाले. "पण शास्त्रीबुवांनी तसं कुठं म्हटलेलं नाही. त्यांनी हात लावून पाहिलेला नाही."

आणि समाधानानं उडून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिबळ्यानं कातळ वाचला. दोनदा वाचला. मग वळसा न घालता सरळ जाळीकडे निघाला, अगदी सावकाश, आपल्याला आयुष्यभर कुणी फसवलं होतं याचा हिशेब मांडत. वरून टेकडीवरच्या मंडळींनी त्याला येताना पाहिलं आणि बिळांच्या तोंडाशी दगड ओढून घेतले. बांडीला कुणी हाक मारली नाही.

बांडीनं पोरांना खड्ड्यात ढकललं आणि स्वतः खड्ड्याच्या तोंडावर आडवी झाली. पळता आलं असतं, पण पोरांना पळता येत नव्हतं. सायाळीला दात दाखवता येत नाहीत, आरोळी देता येत नाही. तिला एकच येतं. ती शत्रूकडे पाठ करते, काटे फुलवते आणि उलट्या पावली मागे सरकते.

बिबळ्यानं ते पाहिलं आणि त्याला कीव आली. पाठ फिरवली म्हणजे घाबरली. निरुपद्रवी, लिहिलंच होतं. त्यानं नाक पुढे घातलं.

त्यानंतर जो आवाज झाला तो सायाळीचा नव्हता.

बिबळ्या जाळीतून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड बाभळीच्या फांदीसारखं दिसत होतं. नाकात काटे, ओठांत काटे, एक जिभेत. तो तडक कातळाकडे गेला. पंतांच्या समोर उभा राहिला. खडा उचलला आणि ओठ न हलवता बोलला.

"फेकले."

पंत म्हणाले, आपण जखमी आहात, सहानुभूती आहे, पण हा आपला स्वतःचा अनुभव झाला, आणि नियमाप्रमाणे... इथं बिबळ्यानं एक पाऊल डबक्यात टाकलं. पंतांना त्याच क्षणी नियमातला एक बारकावा आठवला. अत्यंत प्रतिष्ठित व्यक्तीचा अनुभव हा अनुभव नसून आधार असतो.

तेवढ्यात दंताजीराव डुलत डुलत आले. म्हातारपणी त्यांना कमी दिसायचं. त्यांनी बिबळ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन नीट बघितलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"नाकावर?"

"हो."

"तिनं लांबून फेकले ना?"

बिबळ्यानं इकडे तिकडे बघितलं. माकडं कान देऊन ऐकत होती. "लांबून," तो म्हणाला. "फार लांबून."

"माझंही तसंच झालं होतं," दंताजीराव म्हणाले, आणि दोघं काही वेळ एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

बाळांनो, एवढ्या मोठ्या सुळ्यांच्या नि पंज्यांच्या मंडळींनी कुठं कुठं जाऊन नाक खुपसलं होतं, ते तेव्हा बेडकांनासुद्धा कळलं. कातळावर ते आलं नाही. कातळावर आलं ते असं, 'सायाळ लांबून काटे फेकते, याबद्दल आता जाणकारांत एकमत आहे.' आणि खाली दोन मोठ्यांची नावं.

बांडीनं काय केलं म्हणता? तिनं पोरांना पाठीमागे घेतलं आणि टेकडी चढली. चढताना लांबून कातळ दिसतो, तिनं बघितलंही नाही. मावळतीकडचं बीळ सोडून ती थेट सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत कोरड्या बिळाशी गेली. ते मुंगूसअप्पांचं होतं. तिनं दाराशी पाठ केली आणि हळूहळू मागे सरकू लागली.

अप्पा बिळाच्या दुसऱ्या तोंडानं बाहेर पडले. बाहेर उभे राहून जमलेल्या सशांना म्हणाले, मी पहिल्यापासून म्हणतच होतो, यांना आतलं बीळ द्या.

अप्पा आता करवंदीच्या जाळीत राहतात. वारा छान येतो, असं म्हणतात.

तात्पर्य :

बाळांनो, तुम्हाला वाटलं असेल मी आता म्हणणार, सत्याचा विजय होतो. कशाला होईल? त्याला काय काटे आहेत? किंवा वाटलं असेल मी म्हणणार, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन पाहा. बिबळ्यानं तेच केलं. आज तो पेज पितो.

तेव्हा खरं तात्पर्य हे, की कुणाबद्दलही काही ठरवायचं असेल तर ते लांब राहूनच ठरवावं. जवळ गेलं की खरं काय ते कळतं, आणि एकदा कळलं की तटस्थ राहता येत नाही. जगातले सगळे निवाडे लांबूनच सुरेख दिसतात. ज्याच्याबद्दल निवाडा आहे त्याला तर अजिबात विचारू नये. त्याला फार जवळून माहीत असतं.

हे तात्पर्य मला स्वतःलाच इतकं आवडलं, की टेकडीच्या पायथ्याशी, बऱ्यापैकी अंतरावर उभा राहून, मी ते बांडीला मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कसं काय वाटलं ते विचारलं. वरच्या बिळातून बांडीचा आवाज आला.

"नीट ऐकू नाही आलं हो, बाबा. जरा जवळ येऊन सांगता का?"